छाटणीच्या आधी बॅटरी काढा, चेन तपासा!
नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांना, मुकादमांना आणि दुकानदारांना तातडीचं आवाहन



बागलाणातल्या अर्ली छाटण्या केव्हाच उरकल्या. आता निफाड, दिंडोरी, चांदवड, पिंपळगाव बसवंत पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीची घाई आहे. मालेगाव, देवळा, सटाण्याकडे डाळिंबाचा हस्त बहार धरायची तयारी चालली आहे. कात्र्यांना धार लागतेय, मुकादमांचे फोन वाजतायत, बोर्डोचा हिशेब मांडला जातोय. या सगळ्या धावपळीत शेडच्या कोपऱ्यात एक लहानसं मशीन पडून आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बहुतेकांनी त्याकडे पाहिलेलं नाही. बॅटरीवर चालणारी, एका हातात मावणारी चार-सहा इंची चेनसॉ. आता गरज पडेल तेव्हा ती उचलली जाईल, बॅटरी खटकन बसवली जाईल आणि कुणाच्या तरी हातात दिली जाईल.

त्या आधी थांबा. हे आवाहन तेवढ्यासाठीच आहे.

गेल्या काही वर्षांत हे मशीन आपल्या बागांमध्ये झपाट्यानं शिरलं, आणि शिरायला कारणही आहे. काडी कात्रीनंच छाटायची, त्यात बदल नाही. पण मेलेला ओलांडा काढायचा, मनगटाएवढं खोड तोडायचं, जुनी बाग मोडायची, डाळिंबाची रोगट फांदी मुळापासून काढायची किंवा बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्या कमी करायच्या, तर आरीनं पाच मिनिटं घेणारं काम हे मशीन काही सेकंदांत करतं. पेट्रोल नको, दोरी ओढणं नको, वजन कमी. पण याच सोयीत धोका आहे. पेट्रोलची करवत सुरू करायला दोरी ओढावी लागते, ती आवाज करते, आजूबाजूचा माणूस सावध होतो. बॅटरीची करवत मुकी असते. बटण दाबलं गेलं की क्षणात पूर्ण वेगानं फिरते. बटण चुकून दाबलं गेलं तरी तशीच फिरते. स्वस्त मशीनमध्ये ब्रेक नसतो, त्यामुळे बटण सोडल्यावरही चेन थोडा वेळ पळत राहते.

म्हणून या आवाहनातली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची विनंती एका ओळीची आहे: मशीनच्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी बॅटरी बाहेर काढा. चेन ताणायची, अडकलेली साल काढायची, तेल सोडायचं, पुसायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं किंवा मोटारसायकलला लटकवून न्यायचं असेल, तर आधी बॅटरी काढून वेगळ्या खिशात ठेवायची. नुसतं लॉकचं बटण पुरेसं नाही. आणि ते लॉकचं बटण सतत दाबायला लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी किंवा रबर गुंडाळण्याची जी पद्धत पडली आहे, ती पट्टी आजच सोडवा. कंपनीनं दोन बटणं दिली आहेत ती एका बटणानं अपघात होतो म्हणूनच.

बोथट चेन धारदार चेनपेक्षा जास्त घातक

मशीन नीट ठेवायचं ते मशीन जास्त टिकावं म्हणून, असं आपण धरून चालतो. टिकतंच, पण या मशीनच्या बाबतीत निगा हीच सुरक्षा आहे. धारदार चेन लाकडात आपणहून उतरते, हाताला फक्त दिशा द्यावी लागते. चेन बोथट झाली की माणूस जोर लावतो. जोर लावलेला हात लाकूड तुटताच पुढे जातो, आणि पुढे बहुतेक वेळा आपलाच गुडघा किंवा फांदी धरलेला दुसरा हात असतो.

बोथटपणा ओळखायला यंत्र लागत नाही. खाली काय पडतं ते बघा. धार असेल तर जाडसर कीस पडतो. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, लाकूड काळवंडलं, धूर आला किंवा काप सरळ जायचं सोडून एका अंगाला वळू लागला की काम थांबवायचं. काप वळतो त्याचा अर्थ एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झिजलेत.

धार लावायला गोल कानस लागते. या लहान चेनना साधारण 4 मिलिमीटरची कानस चालते, काही कंपन्यांच्या आणखी बारीक चेनना 3.2 मिलिमीटरची लागते. तुमच्या चेनच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात आकडा असतो, तो बघूनच घ्या. बहुतेक चेनचा कोन 30 अंशांचा असतो आणि दातावरच्या खुणेनं तो सापडतो. कानस एकाच दिशेनं, आतून बाहेर न्यायची, मागे ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे: पहिल्याला तीन तर शेवटच्यालाही तीन. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूनं. प्रत्येक दातासमोर एक बुटका उंचवटा असतो. दात किती खोल चावेल हे तो ठरवतो. दातापेक्षा तो साधारण 0.65 मिलिमीटर खाली असतो. लवकर कापावं म्हणून तो जास्त घासून टाकू नका. मग चेन लाकडाला हबका मारून धरते आणि मशीन हातातून उसळतं.

आणखी एक कळकळीची विनंती. वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर धार लावून घेऊ नका. दात निळा पडला की पोलादाचं पाणी उतरलं समजा. अशी चेन दिसायला चकचकीत असते, पण चार फांद्यांत पुन्हा बोथट होते.

चेनचा ताण, पट्टी आणि तेल

सकाळी चेन थंड असताना ताण तपासा. हातमोजा घालून, चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या मधोमध ती वर ओढा. ती थोडी उचलली जावी, पण तिच्या खालच्या कड्या खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडताच ती टपकन जागेवर बसावी. पट्टीखाली लोंबत असेल तर ढिली आहे, आणि ढिली चेन उतरते. हातानं सरकतच नसेल तर जास्त ताणली आहे. तिनं मोटर तापते, बॅटरी लवकर संपते. नवी चेन पहिल्या काही कापांतच सैल होते, म्हणून मध्येच थांबून पुन्हा बघा. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवा, कारण थंड होताना ती आखडते.

चेन बदलताना दिशा चुकते हेही नेहमीचंच. पट्टीच्या वरच्या कडेवर दातांची धार टोकाकडे बघत असली पाहिजे. उलटी बसली तर मशीन नुसतं घासत राहतं आणि मालक दुकानदाराला शिव्या देतो. पट्टीच्या खाचेत भुसा आणि डिंक साचतो, तो चपट्या तारेनं खरवडून काढा. दर वेळी चेन उतरवली की पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

तेलाबद्दल गैरसमज फार आहेत. मोठ्या करवतीत तेल आपोआप सुटतं. या लहान मशीनपैकी अनेकांत तशी सोय नसते, तेल हातानंच सोडावं लागतं, आणि बाटलीतलं तेल संपलं की कोरडंच काम चालू राहतं. थोड्या थोड्या वेळानं चेनवर थेंब सोडा, प्रत्येक वेळी बॅटरी काढून. ज्यांच्या मशीनला टाकी आहे त्यांनी टोक एखाद्या स्वच्छ पांढऱ्या गोणीसमोर धरून, गोणीला न टेकवता, क्षणभर चालवून बघावं. तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल येतंय.

ट्रॅक्टरचं जळकं ऑइल मात्र कृपा करून वापरू नका. त्यात इंजिनातली धातूची झीज आणि काजळी असते. ती खाच खाते आणि कापलेल्या खोडावर, मातीत, हातावर जाते. ज्या बागेचा प्रत्येक फवारा निर्यातीसाठी वहीत लिहिला जातो, तिथे जळकं ऑइल शिंपडण्यात काय अर्थ? चेनसाठी मिळणारं तेलच घ्या. घरातलं खायचं तेल एखाद्या अडल्या दिवशी चालेल, पण ते चेनवर राहिलं की चिकट होतं. त्या संध्याकाळी पुसून टाका.

तारेचं भान

आपल्या बागा म्हणजे तारांचं जाळं. मांडव असो की वाय, ओलांडा तारेवरच बांधलेला असतो आणि जुन्या बागेत तर सालीनं तार गिळलेली असते, वरून दिसतही नाही. चेन तारेला लागली की एका क्षणात दात जातात, चेन तुटू शकते आणि मशीन उलटं उसळतं. म्हणून जुना ओलांडा कापण्याआधी बांध सोडून तार मोकळी करा, साल चाचपून बघा. तारेलगतचा भाग साध्या आरीनं किंवा लांब दांड्याच्या कात्रीनं काढा. ठिबकच्या नळ्या बाजूला करा.

पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकू देऊ नका. टोक टेकलं की मशीन अंगावर येतं. पट्टीच्या मशीनलगतच्या भागानं कापा. खांद्याच्या वर, शिडीवर किंवा दुसऱ्या हातानं तीच फांदी धरून कापायचं नाही.

रोग मशीनवर बसून गावभर फिरतो

2000 च्या दशकात तेल्यानं कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबाच्या बागा कशा बसवल्या ते विसरण्यासारखं नाही. तेल्याचा जिवाणू आणि मर रोगाची बुरशी हत्यारावरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. कात्री पुसता येते. चेनच्या सांध्यांत, पट्टीच्या खाचेत ओला भुसा अडकून राहतो आणि तो पुढच्या बागेत उतरतो. ठेक्यावर फिरणारं मशीन तर एका दिवसात तीन गावं बघतं.

म्हणून निरोगी झाडं आधी, रोगट झाडं शेवटी. तेल्या असलेल्या बागेत शक्यतो साधी आरी आणि कात्री वापरा, ती द्रावणात बुडवणं सोपं. मशीन वापरलंच तर बॅटरी काढून, चेन आणि पट्टी सोडवून घासा आणि 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. बाजारातलं द्रावण 5 टक्क्यांचं असेल तर एका भागाला चार भाग पाणी. मग स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरडं करून लगेच तेल द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज दिसेल. मोटरचा भाग पाण्यात घालू नका, कोरड्या ब्रशनं झाडा. जवळ दोन चेन असतील तर एक भिजत असताना दुसरी चालते. मर झालेलं झाड तोडताना खाली ताडपत्री अंथरा, भुसा गोळा करा आणि बागेबाहेर जाळा. मोठ्या जखमांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, त्याच दिवशी लावा.

बॅटरी: गोठ्यात रात्रभर नको

डब्यावर 21, 48, 88 असे व्होल्टचे आकडे असतात. त्यांना भुलू नका. चार्जरवर बारीक अक्षरांत किती व्होल्ट बाहेर येतात ते वाचा. तिथे 21 असेल तर आत पाच सेल आहेत, प्रत्येकी भरल्यावर 4.2 व्होल्टचे. काम करताना ती बॅटरी सरासरी 18 व्होल्टचीच असते, डब्यावर काहीही छापलेलं असो.

आपल्याकडे फवारणी पंपाचा चार्जर आणि करवतीचा चार्जर एकाच खिळ्याला टांगलेले असतात आणि पिना अनेकदा सारख्या असतात. व्होल्ट मात्र वेगळे. चुकीचा चार्जर लागला तर बॅटरी फुगते, पेटूही शकते. दोन्हींवर रंगाची वेगवेगळी खूण आजच करा.

लिथियमची बॅटरी कामावरून गरम आली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी सावलीत थंड होऊ द्या. मालेगावचा मे महिना असो वा पत्र्याचं शेड, 45 अंशांच्या पुढे चार्जिंग धोक्याचं. उलट, निफाडला पारा पाच अंशांखाली गेलेल्या पहाटे उघड्यावरही ती चार्जिंगला लावू नका, घरात आणून आधी तिला सामान्य तापमानाला येऊ द्या. रात्रीची लाइट आली की लावून झोपायचं, ही सवय मोडा. आणि कडब्याशेजारी, गोणपाटावर, गोठ्यात तर कधीच नाही. फरशीवर, डोळ्यांसमोर लावा आणि भरली की काढा. हंगाम संपल्यावर निम्मी भरून, मशीनपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

फुगलेली, पडून फुटलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. सेल बदलून देणाऱ्या कुणालाही ती उघडू देऊ नका आणि भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे ती परत घेण्याची मागणी करा.

मशीन तुमचं, बोटं त्यांची

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहिलं, तो. आपल्या बागेत करवत बहुतेक वेळा मालकाच्या हातात नसते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून हंगामाला येणाऱ्या, गिरणाऱ्याच्या बाजारात पहाटे उभ्या राहणाऱ्या मजुराच्या हातात असते. काम एकरावर ठरलेलं असतं, म्हणजे थांबणं हे त्याचं नुकसान. चेन बोथट झाली तरी तो थांबत नाही, जोर लावतो. लॉकच्या बटणावर चिकटपट्टी तोच लावतो, कारण अंगठा दुखतो आणि ओळी बाकी असतात. पायात चप्पल, डोळ्यांना काही नाही. मशीनसोबत आलेलं माहितीपत्रक परक्या भाषेत, आणि ते डब्यासकट कधीच हरवलेलं.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख रुपये मिळतात. पण ती योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या बागेत राबणाऱ्या भूमिहीन मजुराला ती लागू नाही. त्याचं बोट गेलं तर त्याची पुढची प्रत्येक छाटणी गेली.

म्हणून मालक आणि मुकादमांना विनंती: मशीन तपासण्याचा वेळ मजुरीत धरा. ठेका ठरवतानाच बोलून घ्या की रोज सकाळी आणि जेवणानंतर मशीन तपासलं जाईल आणि तो वेळ कामाचाच असेल. डोळ्यांना गॉगल, हाताला घट्ट बसणारे मोजे, पायात बूट हे मालकानं द्यायचं. पदर, ओढणी, उपरणं खोचून घेतल्याशिवाय मशीन हातात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात तर कधीच नाही. गटातल्या एका जाणत्याला नीट शिकवा आणि त्यानं आपल्या बोलीत बाकीच्यांना सांगू द्या.

आणि तरीही लागलंच तर: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, 108 ला फोन करा. हळद, चुना, कॉफी, माती काहीही लावू नका. बोट तुटून पडलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णासोबतच न्या. बोट थेट बर्फात टाकू नका. वेळेत पोहोचलं तर जोडता येण्याची शक्यता असते.

शहरातल्यांसाठी दोन शब्द

नाशिक शहरात बंगल्यांच्या आवारात आणि सोसायट्यांमध्येही ही मशीनं आली आहेत. निगेचे नियम तेच. विजेच्या तारेजवळची फांदी असेल तर स्वतः कापू नका, महावितरणला कळवा. आणि मशीन हलकं आहे म्हणून कायदा हलका होत नाही: 1975 च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते.

खंडेनवमीला एवढं करा

खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन-पुसून मांडतो, हळद-कुंकू वाहतो. यंदा त्या पूजेत ही करवतही असेल. आदल्या दिवशीच बॅटरी काढा, चेन उतरवा, पट्टी खरवडा, दातांना धार द्या, तेल द्या, लॉकच्या बटणावरची चिकटपट्टी सोडवा आणि मगच तिला पाटावर ठेवा. ज्यांची छाटणी त्याआधीच लागणार आहे, त्यांनी आज संध्याकाळीच.

दुकानदारांनो, मशीन विकताना गोल कानस, जादा चेन आणि गॉगल सोबत द्या आणि ग्राहकासमोर एकदा चेन उतरवून बसवून दाखवा. ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि नवरात्र मंडळांनो, चौकात एक टेबल मांडा आणि गावातली सगळी मशीनं एका दिवसात तपासून घ्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरची मुलं रोज कानस चालवतात, त्यांना बोलवा. कृषी विज्ञान केंद्रांना आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना विनंती आहे की छाटणीच्या शिबिरात कात्रीसोबत या मशीनलाही अर्धा तास द्यावा.

हे आवाहन वाचणाऱ्यानं ते आपल्या मुकादमाला वाचून दाखवावं, आणि उद्या सकाळी मशीन हातात देण्याआधी स्वतः बॅटरी काढून चेनला हात लावून बघावं. चेन ढिली किंवा बोथट निघाली तर ती नीट होईपर्यंत त्या दिवशी काम आरीनं करा.